भाड्याचा संगणक : नळ केवढा, टाकी केवढी?

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी एक वाजता महाराष्ट्राचा दहावीचा निकाल इंटरनेटवर जाहीर झाला. त्या वर्षी करोनामुळे लेखी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून गुण दिले गेले होते. सुमारे १६ लाख मुले आणि त्यांचे पालक एकाच वेळी संकेतस्थळ उघडू लागले आणि ते बंद पडले. गुण तयार असूनही अनेकांना ते पाहण्यासाठी कित्येक तास थांबावे लागले. असे का व्हावे?

संकेतस्थळ म्हणजे कोठल्या तरी संगणकात साठवलेली पाने. आपण मागणी केली की तो संगणक, म्हणजे सर्व्हर, हवे ते पान शोधून पाठवतो. पूर्वी असा संगणक संस्थेला विकत घ्यावा लागे. आता तो भाड्याने मिळतो आणि या सोयीला ‘क्लाउड’ म्हणतात. नाव जरा फसवे आहे. हे संगणक आकाशात नसून चांगल्या भक्कम, वातानुकूलित इमारतींत असतात. मायक्रोसॉफ्टने पुण्यात २०१५ मध्ये आणि अॅमेझॉनने मुंबईत २०१६ मध्ये अशी केंद्रे सुरू केली. मनमाडहून मुंबई लोहमार्गाने सुमारे २६० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे इतके अंतर कापायला त्याला सेकंदाचा हजारावा भाग किंवा थोडा अधिक वेळ पुरतो. तेव्हा खोळंबा अंतरामुळे होत नाही, रांगेमुळे होतो.

थोडे गणित करू. १६ लाख मुलांनी निकाल वर्षभरात सावकाश, एकामागून एक पाहिला असता, तर दर २० सेकंदांना एक मागणी आली असती. एखादा जुनापुराणा संगणकही तेवढे काम करील. पण सगळ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत पाहायचे ठरवले, तर सेकंदाला सुमारे २,६६७ मागण्या येतात. समजा, एक मागणी पुरी करायला संगणकाला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मग एक संगणक सेकंदाला १० मागण्या पुऱ्या करील आणि ५० संगणक ५००. उरलेल्या २,१६७ रांगेत उभ्या राहतील. एका मिनिटात ही रांग १ लाख ३० हजारांची होते. त्यात ज्याला पान दिसत नाही तो पुन्हापुन्हा बटण दाबतो आणि प्रत्येक दाबण्यागणिक रांगेत एक नवी मागणी उभी राहते!

आता भाड्याच्या संगणकांचे प्रकार पाहू. मनमाडकरांना हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये. वाघदर्डी धरण आटले की नळाला पाणी किती दिवसांनी येते आणि घरात टाकी किती मोठी हवी, हा हिशेब येथील माणूस लहानपणापासून करतो.

साधी सेवा म्हणजे बारीक धारेचा नळ आणि खाली एक टाकी. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, त्यात एक छोटा संगणक, साठवणुकीची जागा आणि माहितीच्या ने-आणीची ठरावीक मर्यादा मिळते. अॅमेझॉनने २०१६ च्या अखेरीस ‘लाइटसेल’ नावाने अशी सेवा आणली. तिच्यातील टाकीची युक्ती मोठी मजेदार आहे. त्याच कंपनीच्या ‘टी-टू मायक्रो’ या छोट्या संगणकाचे आकडे घेऊ. तो सतत चालवला तर पूर्ण वेगाच्या फक्त १० टक्के वेगाने काम करतो. मात्र रिकामा बसला की त्याच्या खात्यात दर तासाला पूर्ण वेगाची ६ मिनिटे जमा होतात. अशी जास्तीत जास्त १४४ मिनिटे साठतात. एकदम काम आले की ही शिल्लक वापरून तो पूर्ण वेगाने धावतो. तेव्हा तासाला ६० मिनिटे खर्च होतात आणि ६ जमा होतात, म्हणजे टाकी तासाला ५४ ने उतरते. १४४ ला ५४ ने भागा : सुमारे २ तास ४० मिनिटे. त्यानंतर टाकी कोरडी, उरली फक्त नळाची धार.

प्रगत सेवेत टाकीऐवजी मीटर असतो. हवे तितके संगणक मागवा, वापराल तितके पैसे द्या. अॅमेझॉनची ‘ईसी-टू’ सेवा २००६ मध्ये सुरू झाली तेव्हा एका संगणकाचे भाडे तासाला १० सेंट होते. अशा सेवेत संगणक दोन वेगळ्या इमारतींत ठेवता येतात, म्हणजे एका ठिकाणची वीज गेली तरी दुसरीकडून काम चालते. कामाची वाटणी करणारे यंत्र पुढे बसवता येते. गर्दी वाढली की संगणकांची संख्या आपोआप वाढावी अशीही व्यवस्था असते. पण हे सारे जुळवायला जाणकार माणूस लागतो आणि बंद करायचा राहिलेला संगणक मुकाट्याने बिल वाढवत राहतो.

मग निकालासाठी प्रगत सेवा घेतली की झाले? नाही. गर्दी पाहून नवा संगणक आपोआप सुरू व्हायला काही मिनिटे जाऊ शकतात, आणि निकालाची गर्दी एक वाजता, एका क्षणात येते. टँकर बोलावला तरी तो यायला वेळ लागतोच. वेळ आधीच माहीत असेल तर संगणक साडेबारालाच सुरू करून ठेवले पाहिजेत. आपल्या हिशेबाने असे २६७ संगणक लागतील.

याहून सोपा मार्ग माझ्या मते कामच कमी करण्याचा. दुपारी एकनंतर गुण काही बदलत नाहीत. मग प्रत्येक मुलाने आसनक्रमांक आणि आईचे नाव भरल्यावर साऱ्या नोंदी नव्याने कशाला धुंडाळायच्या? गुणपत्रिकेची पाने आदल्या रात्री तयार करून ठेवावीत. तयार पान पाठवायला सेकंदाचा हजारावा भाग पुरला, असे धरा. मग एकच संगणक सेकंदाला १,००० पाने देईल आणि २६७ ऐवजी ३ संगणकांत काम भागेल. अलीकडच्या वर्षांत निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळू लागला आहे. त्यानेही गर्दी विभागते.

आता आपल्या शाळेकडे वळू. समजा, मनमाडच्या एका शाळेत १,२०० विद्यार्थी आहेत आणि वार्षिक निकाल सगळ्यांनी एका तासात पाहिला. तीन सेकंदांना एक मागणी आली. प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे एकूण १२० सेकंद, अवघी २ मिनिटे. टाकीत १४४ आहेत! अशा शाळेने मीटरची सेवा घेणे म्हणजे चहाच्या टपरीसाठी पाण्याचा टँकर लावणे. एकच संगणक असल्याने तो बिघडला तर संकेतस्थळ काही काळ बंद राहील. सूचना आणि स्नेहसंमेलनाची छायाचित्रे यांसाठी तेवढे सोसावे, मात्र माहितीची प्रत वेगळीकडे ठेवावी. पुढे शाळा वाढलीच, तर लाइटसेलमधील संगणकाची संपूर्ण प्रत ईसी-टूमध्ये नेता येते. शाळेत रोज ऑनलाइन परीक्षा होऊ लागल्या, तर मात्र हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

तुमच्या शाळेचे संकेतस्थळ असेल तर शिक्षकांच्या मदतीने त्याची नोंद पाहा. दिवसभरात किती जण आले हा आकडा बाजूला ठेवा. सर्वांत गर्दीच्या एका मिनिटात किती आले तो शोधा. तेवढ्या मागण्यांना किती सेकंदांचे काम पडले आणि टाकी किती उतरली, हे वर दिलेल्या रीतीने काढता येईल.