लॉगिन साहेबांचं, यादी कुणाची?

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतल्या अतिवृष्टी अनुदान घोटाळ्याच्या बातम्या जालना जिल्ह्यात सगळ्यांनी वाचल्या आहेत. २०२२ ते २०२४ या काळातलं अनुदान, चोवीस-पंचवीस कोटींच्या घरातला अपहार, तलाठ्यांची निलंबनं, ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात दाखल झालेला गुन्हा. आरोप अजून न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण चौकशीतून पुढे आलेल्या एका गोष्टीवर हवी तेवढी चर्चा झाली नाही. याद्या मंजूर करताना तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड दुसऱ्यांनी वापरले, असं त्यात म्हटलं आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ सी नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याच्या भाषेत हा सायबर गुन्ह्याचा प्रकार आहे. आपल्या डोळ्यांपुढे मात्र सायबर गुन्हेगार म्हणून झारखंडमधल्या जामताऱ्याची पोरं येतात, नाहीतर व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा तोतया पोलीस. सरकारी कार्यालयातला संगणक कुणाच्या मनातही येत नाही. गुन्ह्याच्या समाजशास्त्राने मात्र ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी अशाच कार्यालयांकडे बोट दाखवलं होतं.

गरिबीचं सोपं उत्तर

गुन्हा का घडतो, याला आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: गरिबी आणि बेकारी. जालना त्यात चपखल बसवता येतो. २०११ च्या जनगणनेत साक्षरतेच्या बाबतीत हा जिल्हा राज्याच्या तळाजवळ होता. एकीकडे पोलादाच्या भट्ट्या आणि १९६४ पासून इथे वाढलेला बियाणे उद्योग, दुसरीकडे दिवाळीनंतर उसाच्या तोडीला निघणारी कुटुंबं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये मांडलेला सिद्धांत अशाच विषमतेबद्दल आहे. समाज सगळ्यांपुढे श्रीमंतीचं एकच ध्येय ठेवतो, तिथे पोहोचायचे सरळ मार्ग मात्र थोड्यांनाच देतो. मग काही जण आडवाट शोधतात.

पण जालन्यातल्या दोन मोठ्या प्रकरणांना हे उत्तर पुरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये गाजलेलं जीडीसी या आभासी चलनाचं प्रकरण आठवा. भाव कोसळला, गुंतवणूक बुडाली आणि वसुलीसाठी डांबून ठेवल्याची तक्रार पोलिसांत गेली. आभासी चलनात पैसे घालायला आधी गाठीला पैसे लागतात. अनुदान घोटाळ्यातले बहुतेक आरोपी तर दर महिन्याला पगार घेणारे, परीक्षा देऊन नोकरीला लागलेले कर्मचारी आहेत. भुकेने त्यांना गुन्ह्याकडे ढकललं, असं कुणीच म्हणणार नाही.

सदरलंड यांनी काय पाहिलं

इथे एडविन सदरलंड यांच्याकडे वळावंच लागतं. २७ डिसेंबर १९३९ रोजी फिलाडेल्फियात अमेरिकन समाजशास्त्रज्ञांच्या परिषदेपुढे अध्यक्षीय भाषण करताना त्यांनी पांढरपेशा गुन्हेगारीची संकल्पना मांडली. गुन्ह्याचे अभ्यासक फक्त तुरुंगातली माणसं मोजतात, आणि तुरुंगात गरीबच जातात, म्हणून गरिबी हे गुन्ह्याचं कारण वाटतं, असा त्यांचा आक्षेप होता. मग त्यांनी अमेरिकेतल्या ७० बड्या कंपन्यांची कागदपत्रं तपासली. त्यांच्याविरुद्धचे ९८० निर्णय सापडले, दर कंपनीमागे सरासरी १४. त्यांतले फौजदारी न्यायालयांचे निर्णय होते अवघे १५८. बाकीची प्रकरणं दिवाणी न्यायालयांत किंवा प्रशासकीय आदेशांवर मिटली होती. १९४९ मध्ये पुस्तक आलं, तेव्हा खटल्यांच्या धास्तीने कंपन्यांची नावं गाळावी लागली. ती नावं छापायला १९८३ उजाडलं.

सदरलंड यांचा दुसरा सिद्धांत मला आज अधिक मोलाचा वाटतो. गुन्हा शिकला जातो, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी, १९३७ मध्ये, त्यांनी एका सराईत चोराच्या आत्मकथनावर पुस्तक केलं होतं आणि चोरीसाठीही उमेदवारी करावी लागते हे त्यातून दाखवलं होतं. जवळच्या माणसांत वावरताना माणूस गुन्ह्याची पद्धत शिकतो, आणि तिच्यासोबत तो गुन्हा योग्य ठरवणारी कारणंही. कायदा मोडायला अनुकूल असं बोलणं कानावर जास्त पडलं, की पाऊल तिकडे पडतं.

हे चित्र तालुक्याच्या कामकाजावर ठेवून पाहा. पीक गेलं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. यादी तहसीलला जाते, पोर्टलवर चढते, वरच्या लॉगिनमधून मंजूर होते. शेतकऱ्याला व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक) मिळतो, तो घेऊन त्याने सेतू केंद्रात अंगठा लावून केवायसी करायची, मग पैसे खात्यात पडतात. या साखळीत शेतकऱ्याची ओळख त्याच्या अंगठ्याच्या रेषांपर्यंत तपासली जाते. मंजुरी देणारा कोण, याची खात्री मात्र एका पासवर्डवर संपते. साहेब दौऱ्यावर, काम तुंबलेलं, वरून रोजचा आढावा. अशा वेळी पासवर्ड हाताखालच्याला सांगून ठेवणं हा सोयीचा मार्ग होतो. नवा माणूस रुजू झाला की कामासोबत हा मार्गही शिकतो. जमीन नसलेल्याचं नाव, वाढवलेलं क्षेत्र, एकाच नावावर दोनदा अनुदान, असे जे आरोप आज आहेत, तशा याद्या एकट्यादुकट्याच्या हातून दोन-तीन वर्षं पुढे सरकत नाहीत. त्याला सोबत लागते.

आणि कारणंही तयार मिळतात. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा यांनी १९५७ मध्ये अशा सबबींची वर्गवारी केली: नुकसान कुणाचंच झालं नाही, माझा नाइलाज होता, वरचे तरी कुठे स्वच्छ आहेत. ‘सरकारचा पैसा आहे, कुणाच्या घरचा जातोय?’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलं आहे, अनेकांनी उच्चारलंही असेल. पण ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने जिरायत पिकांची मदत हेक्टरी ६,८०० वरून १३,६०० रुपये केली. ज्याची कपाशी पाण्यात सडली आणि नाव यादीत आलं नाही, त्याच्या घरचा पैसा गेला आहे.

गुन्ह्यातही वरचा-खालचा

विषमतेचं खरं काम इथे दिसतं. रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन यांनी १९६० मध्ये मर्टन यांच्या सिद्धांतात भर घातली. सरळ मार्ग जसे सगळ्यांना सारखे खुले नसतात, तसे वाकडेही नसतात, असं त्यांनी मांडलं. शेतमजुराला पोर्टलचं लॉगिन कधीच मिळणार नाही. त्याच्याकडे मागितलं जातं ते फक्त बँकेचं खातं. देशभरच्या ऑनलाइन फसवणुकीत लुटीचा पैसा फिरवायला अशीच गरिबांची खाती थोड्या पैशांत भाड्याने घेतली जातात. पोलीस आधी त्या खातेदाराच्या दारात येतात, कारण कागदावर नाव त्याचं असतं. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले, असं सरकारने संसदेत सांगितलं. त्या पैशाच्या वाटेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी सापडणारा माणूस हा खातेदार आहे.

गुन्हेगार हा शिक्का कुणावर बसतो, हेही ठरलेलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या विमुक्त झाल्या, तरी चोरी झाली की संशय आजही पारध्यांच्या वस्तीवर जातो. कोट्यवधींच्या यादीवर मंजुरी देणारी खुर्ची मात्र अनेकदा ‘दुर्लक्ष झालं’ एवढ्यावर सुटते. सदरलंड यांनी मोजलेलं हेच होतं.

म्हणून फक्त जनजागृतीवर विसंबण्याला माझा विरोध आहे. ओटीपी सांगू नका, अनोळखी एपीके फाइल उघडू नका, १९३० वर फोन करा, हे सगळं सांगायलाच हवं. पण त्यात सावध राहण्याचा सगळा भार लुटल्या जाणाऱ्यावर पडतो. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की गुन्ह्याला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: इच्छुक माणूस, हाताशी आलेलं सावज आणि राखणदाराची गैरहजेरी. पहिल्या दोन हटवणं अवघड. तिसरी आपल्या हातात आहे.

राखणदार गावातच आहे. सातबारा संगणकावर चढवताना चुका शोधण्यासाठी महसूल खात्याने गावोगाव चावडी वाचन घेतलं होतं. कुणाचं क्षेत्र किती, कुणाकडे जमीनच नाही, हे गावाला कुठल्याही पोर्टलपेक्षा अधिक ठाऊक असतं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नेही अनुदानाच्या लाभार्थींचा तपशील कुणी न मागता जाहीर करण्याचं बंधन घातलेलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. तेव्हा यापुढची प्रत्येक यादी मंजुरीआधी ग्रामसभेत नाव, गट नंबर आणि क्षेत्रासह मोठ्याने वाचली जावी. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यानेही शेतकऱ्यासारखाच अंगठा लावावा, आणि तो लावल्यावर ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब ऐकून घेतली जाऊ नये. याला नवा कायदा लागत नाही. पुढचं अनुदान पडायच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयातून तसा आदेश निघावा, आणि तो निघेपर्यंत अंबड-घनसावंगीच्या ग्रामसभांनी दर बैठकीत ही मागणी ठरावात नोंदवावी.