काबूलची सकाळ नानवाईकडे सुरू होते
2007 साली कामानिमित्त काबूलला होतो. बातम्यांत दिसायचे फक्त स्फोट. पण गल्लीतल्या लोकांची सकाळ व्हायची ती नानवाईच्या, म्हणजे रोटीवाल्याच्या खिडकीशी.

ओट्यात पुरलेला तंदूर, भोवती मांडी घालून बसलेले कारागीर. एक जण गोळे तोलतो, दुसरा लांबट थापून बोटांनी रेघा ओढतो, तिसरा उशीसारख्या गादीवरून नान तंदूरच्या भिंतीला चिकटवतो. नान इथे तिन्ही वेळच्या जेवणात हवाच. उधारीची पद्धत तर मला फारच आवडली: लाकडी पट्टी, तिला म्हणतात चोबखत. जितके नान न्याल तितक्या खाचा, हिशेब नंतर. वही नाही, अक्षरओळखीची गरज नाही.

नानवाईच्या खिडकीपलीकडेही असंच रोजचं आयुष्य दिसायचं. पहिल्या तालिबानी राजवटीत (1996–2001) पतंगांवर बंदी होती. मी गेलो तेव्हा शुक्रवारी टेकड्यांवर पोरं मांजा घेऊन हजर! आणि संध्याकाळी तोलो टीव्हीवर दरी भाषेतली ‘तुलसी’, म्हणजे आपली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. मी हिंदुस्तानी म्हटल्यावर नानवाईचा पहिला प्रश्न तिच्याबद्दलच असायचा. दुसरा, चहा घेणार का?