न्यायाधीशावर दाब येतो तो कुठून?

"समोरच्याचे वरपर्यंत संबंध आहेत, जज त्यांच्याच मर्जीतला." कोपरगावच्या कोर्टाबाहेर बांधाच्या दाव्यात हरलेल्या पक्षकाराच्या तोंडून हे हमखास ऐकू येतं. या समजापायी माणसं हातपाय गाळतात, म्हणून तो खोडून काढायलाच हवा.

तालुका कोर्टातला दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतो. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २३४ नुसार आयोग आणि उच्च न्यायालय यांचा सल्ला घेऊनच. बदली, बढती, शिस्तभंगाची कारवाई हे सगळं अनुच्छेद २३५ खाली उच्च न्यायालयाच्या हातात. आमदाराच्या पत्राला तिथे जागा नाही. घोळ होतो तो सरकारी वकिलामुळे. त्याची नेमणूक मात्र राज्य सरकार करतं, म्हणून जजचीही तेच करतं असं लोकांना वाटतं.

दुसरा समज : राजकारणातून आलेला न्यायाधीश जन्मभर पक्षाचाच. जुलै २०२५ मध्ये भाजपच्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, मुंबई उच्च न्यायालयासाठी सुचवलं. आपल्याच जिल्ह्यातले, कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. आक्षेप रास्त आहे. पक्षाचं पद आणि न्यायासन यांत काही वर्षांचं अंतर सक्तीचं असावं, असं माझं ठाम मत आहे. पण पूर्वेतिहासावरून निकाल ठरतोच असं नाही. के. एस. हेगडे काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते, १९५७ मध्ये न्यायाधीश झाले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात त्यांनीच काँग्रेस सरकारविरुद्ध कौल दिला. लगेच त्यांच्यासह तिघा ज्येष्ठांना डावलून अजित नाथ राय यांना सरन्यायाधीश केलं गेलं.

खरा दाब इथे असतो : नेमणुकीनंतर पुढे काय मिळणार, काय हुकणार यात. उच्च न्यायालयातला अतिरिक्त न्यायाधीश जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमला जातो, मग त्याला कायम करायचं की नाही ते ठरतं. मुंबई उच्च न्यायालयातले यू. आर. ललित असेच अतिरिक्त न्यायाधीश. आणीबाणीत त्यांनी दिलेले जामीन सरकारला रुचले नाहीत आणि त्यांना कायम केलं गेलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालाने नावं सुचवण्याचा अधिकार कॉलेजियमकडे गेला, तरी फाइल सरकारकडे अडून राहू शकते. शिवाय निवृत्तीनंतरच्या पदांचा मोह आहेच. सरन्यायाधीश रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेवर गेले. यावर बोट ठेवा, जरूर ठेवा.

पण तालुका कोर्टात दावा हरलात, तर जजचा पक्ष शोधत बसू नका. त्याच दिवशी निकालाच्या नकलेसाठी अर्ज करा. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात.