विकी म्हणजे सगळ्यांची वही

आपल्या कितीतरी लेकी शेगावला, चिखलीला इंजिनिअरिंग शिकतात. प्रयोगशाळेतलं यंत्र अडलं तर काय पाहायचं, हे बहुधा एकदोघांनाच ठाऊक असतं. ते पास होऊन गेले, की ती माहितीही जाते. यावर आज आम्ही एक उपाय सांगणार आहोत.

विकी ही संगणकावरची सामायिक वही. पहिली विकी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. मराठी विकिपीडियाही २००३ पासून असाच अनेक हातांनी लिहिला जातोय. आपल्या लोणार सरोवराचं पान तिथे आहे.

“माझ्या हातून बिघडलं तर?” असं वाटून पुष्कळ मुली मागे राहतात. पण विकीत प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची नोंद राहते. चुकलं तर जुनं पान परत आणता येतं.

लिहिताना एका ओळीत एकच पायरी सांगावी. मग यंत्राला कधी हात न लावलेल्या मुलीला ते वाचून काम करू द्यावं. ती जिथे अडेल, तिथे पान सुधारावं.

आज लेकीला विचारा, तुमच्या कॉलेजात अशी वही आहे का? नसेल, तर पहिलं पान तिनंच लिहावं, असं आम्हाला वाटतं.