लिनक्स कर्नेलचे अद्ययावतीकरण आणि जुनी ग्राफिक्स कार्डे

लिनक्स कर्नेल अद्ययावत केल्यावर जुने ग्राफिक्स कार्ड काम करेनासे होणे, ही बहुधा कार्डाची नव्हे, तर कार्ड व कर्नेल यांना जोडणाऱ्या चालक आज्ञावलीची, म्हणजेच ड्रायव्हरची समस्या होय. पडदा काळा राहिल्याने कार्ड निकामी झाल्याचा समज होतो आणि सुस्थितीतील संगणक भंगारात जाण्याचा संभव असतो.

कारण

कर्नेलची अंतर्गत रचना प्रत्येक आवृत्तीत बदलू शकते. कर्नेलमध्येच समाविष्ट असलेल्या चालकांत त्या बदलांनुसार दुरुस्ती केली जाते. उत्पादकाने स्वतंत्रपणे दिलेला चालक मात्र त्यालाच अद्ययावत करावा लागतो. त्याने काम थांबविल्यास जुना चालक नव्या कर्नेलशी जुळत नाही.

उदाहरणे

एनव्हिडियाच्या जीफोर्स ८ व ९ मालिकांसाठीच्या ३४० क्रमांकाच्या चालकाची अखेरची आवृत्ती डिसेंबर २०१९ मध्ये आली. जीफोर्स ४०० व ५०० मालिकांतील बहुतेक कार्डांना लागणाऱ्या ३९० क्रमांकाच्या चालकाचा आधार २०२२ मध्ये संपला. याउलट, एएमडीच्या जुन्या कार्डांसाठीचा 'रेडिऑन' हा मुक्त स्रोत चालक कर्नेलचाच भाग आहे.

उपाय

१. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रब यादीतील प्रगत पर्यायांतून आधीचे कर्नेल निवडावे. बहुतेक वितरणे ते राखून ठेवतात.
२. तेही न चालल्यास बूट पर्यायांत 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, सलग लिहावा. त्यामुळे साधे, कमी स्पष्टतेचे चित्र सहसा मिळते.
३. एनव्हिडियाचा बंदिस्त चालक पूर्णपणे काढून टाकावा. तो बसविताना 'नूव्हो' हा मुक्त चालक सहसा रोखला जातो. ती रोख राहिल्यास दोन्ही चालक निरुपयोगी ठरतात. नूव्हो २०१० पासून मुख्य कर्नेलमध्ये आहे. लेखन, वाचन व सादरीकरणास तो पुरतो. मात्र अनेक कार्डांची पूर्ण गती त्यातून मिळत नाही.
४. बंदिस्त चालक अपरिहार्य असल्यास त्याच्याशी जुळणारे, दीर्घकालीन आधार असलेले कर्नेल वापरावे. आधार संपलेले कर्नेल महाजालाशी जोडलेल्या संगणकावर सुरक्षित नसते.

भारतातील संदर्भ

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. डेबियनच्या एका स्थिर आवृत्तीत सामान्यतः कर्नेलची एकच मालिका कायम राहते. त्यामुळे अशा प्रणालींत ही अडचण मुख्यतः पुढील मोठ्या आवृत्तीकडे जाताना उद्भवते. तत्पूर्वी कार्डाची मालिका व वापरातील चालक यांची नोंद घेणे हितावह ठरते.