कळतं, पण वळत नाही : 'गंडम' पुन्हा पाहताना

मागच्या खेपेस सॉक्रेटिसवर बोललो, तेव्हा शेवटी एक चिठ्ठी आली होती. ज्याला चांगलं काय ते खरोखर कळलं तो वाईट वागणार नाही, असं सॉक्रेटिस मानतो. मग सगळं कळत असूनही माणसं एकमेकांच्या उरावर का बसतात? प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी वेळ संपली होती. आज त्याकडे वळू, पण ग्रंथांतून नाही, एका जपानी कार्टून मालिकेतून. नाव 'मोबाइल सूट गंडम'. (हशा) हसा, हसा. नाव ऐकून म्हातारा गंडला असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आम्ही ही मालिका १९७९ पासून पाहतो आहोत, आणि गेल्या पावसाळ्यात पुन्हा पहिल्या भागापासून लावली.

त्या वर्षी आम्ही शिष्यवृत्तीवर नागोयाला होतो. विषय तत्त्वज्ञान, जपानी भाषा कच्ची. टीव्ही बघा, कान तयार होईल, असा सल्ला मिळाला. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला नागोया टीव्हीवर ही मालिका लागायची. घरमालकीणबाईंची मुलं दोन-तीन भागांनंतर कंटाळून उठली. आम्ही बसून राहिलो.

मुलं का उठली ते समजून घेतलं पाहिजे. जपानी मुलांना तोवर महाकाय यंत्रमानवांची सवय झाली होती. 'तेत्सुजिन' हा पन्नाशीच्या दशकातला, बाहेरून रिमोटने चालवायचा. १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये मुलगा यंत्राच्या डोक्यातच जाऊन बसला. साचा साधारण ठरलेला : दर आठवड्याला एक दुष्ट राक्षस, अर्ध्या तासात त्याचा निकाल. आणि मालिकेचा पैसा खेळण्यांच्या कंपनीचा, म्हणजे यंत्र शूर आणि चकचकीत दिसलंच पाहिजे. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी या साच्यात भलतंच काही ओतलं. इथे राक्षस नाहीतच. दोन्हीकडे माणसं आहेत. वाढलेली लोकसंख्या अंतराळातल्या प्रचंड नळकांडी वसाहतींत राहते आहे, त्यांतली पृथ्वीपासून सर्वांत लांबची वसाहत 'झिऑन' नावाने स्वतंत्र झाल्याचं जाहीर करते आणि युद्ध पेटतं. महिना-सव्वा महिन्यात निम्मी मानवजात मेलेली असते. हे सगळं निवेदक सुरुवातीलाच सांगून टाकतो, आणि मुलांच्या वेळेत!

यंत्रमानव इथे शस्त्र आहे, जशी तोफ किंवा रणगाडा. त्याला नमुना क्रमांक आहे, त्याचा दारूगोळा संपतो, तो बिघडतो. शत्रूचे 'झाकू' कारखान्यात ठोकळ्यांसारखे तयार होतात. पण दूरवर मारा करणारी क्षेपणास्त्रं असताना अठरा मीटर उंचीच्या लोखंडी माणसाची गरजच काय? लेखकांनी यावर एक काल्पनिक कण शोधला, मिनोव्स्की कण. तो हवेत किंवा अंतराळात पसरला की रडार आंधळं होतं. मग समोरच्याला डोळ्यांनी पाहूनच मारावं लागतं. वरवर ही एक तांत्रिक पळवाट. आम्हाला मात्र मालिकेची सगळी नीती या एका कणात दिसते. मारायचं तर जवळ जावं लागेल, आणि जवळ गेलं की समोरचा कोण आहे ते दिसणार.

प्रेक्षक फार लाभले नाहीत. ५२ भाग ठरले होते, ४३ वर गुंडाळावी लागली. नंतर पुनःप्रक्षेपणांत ती गाजली, जुलै १९८० मध्ये बान्दाईने ३०० येनला जोडून बनवायचे गंडम बाजारात आणले आणि चित्रच पालटलं. परतताना आम्हीही एक खोका घेतला, धाकट्या भावाच्या मुलासाठी. त्याचं पुढे सांगतो.

आता नायक. आमुरो, वय १५. पहिल्याच भागात हल्ला होतो, तो बापाने तयार केलेल्या गंडममध्ये चढतो आणि पुस्तिका वाचत वाचत चालवतो. पहिला झाकू फोडतो तेव्हा त्याच्या स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भोक पडतं, आणि त्या भोकातून त्याचाच बाप अवकाशात ओढला जातो. बाप जगतो, पण प्राणवायूअभावी मेंदूला इजा झालेली. पुढे भेटतो तेव्हा तो मुलाच्या हातात एक जुनाट सुटा भाग देतो, गंडमला बसव म्हणतो. मुलगा तो रस्त्यात फेकून देतो. विशीत आम्हाला या प्रसंगात मुलाची कुचंबणा दिसली होती. आता बापाचा आनंदी चेहरा बघवत नाही.

तेराव्या भागात आई. आमुरो घरी जातो, आई निर्वासितांच्या छावणीत सेवा करते आहे. शत्रूचे शिपाई तपासणीला येतात, तो पांघरुणाखाली लपतो आणि पांघरुणातूनच एकाला गोळी घालतो. आई हादरते. शत्रू असला म्हणून काय झालं, त्यालाही घर असेल, हे तिला दिसतं. मुलालाही ते दिसतं. फक्त गोळी आधीच सुटलेली असते. निघताना तो आईला सैनिकी सलाम ठोकतो. तेव्हा आम्ही ठामपणे मुलाच्या बाजूने होतो.

आणि आता चिठ्ठीतला प्रश्न. मालिकेच्या उत्तरार्धात 'न्यूटाइप' येतात. अंतराळात राहून माणसाची जाणीव रुंदावेल, शब्दांवाचून एकाला दुसऱ्याचं मन कळेल, गैरसमज संपतील, असं झिऑनचा संस्थापक भाकीत करून गेलेला असतो. म्हणजे सॉक्रेटिसचं स्वप्नच की! आमुरो असा न्यूटाइप आहे. आणि शत्रुपक्षात लाला ही मुलगी, सावळी, कपाळावर टिकलीसारखा ठिपका. एकेचाळिसाव्या भागात लढता लढता दोघांची मनं उघडतात. इतकं कोणालाच कोणी कधी कळलेलं नसतं. आणि त्याच भागात आमुरोच्या हातून ती मरते. शारवर, म्हणजे तिच्या सेनानीवर झालेल्या वारात ती मध्ये येते.

नागोयात आम्ही याचा अर्थ लावला होता, टिपणवहीत आहे तो : युद्ध ज्ञानाच्या आड आलं. ज्ञान अपुरं होतं, थोडा वेळ मिळता तर... वगैरे. पुढे तीसेक वर्षं वर्गात अॅरिस्टॉटल शिकवताना हेच उदाहरण मनात असायचं, सांगायची लाज वाटायची. अॅरिस्टॉटल सॉक्रेटिसला म्हणतो, बाबा रे, कळूनही माणूस ढळतो. आपल्या आज्या हे चार शब्दांत सांगायच्या, कळतं पण वळत नाही, आणि कामाला लागायच्या.

आमचं सांगतो. वडिलांमागे विहीर आणि बांध यांवरून भावाशी वाद झाला, कोर्टात गेला, अकरा वर्षं चालला. एका तारखेला तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही समोरासमोर उभे होतो. त्याने तंबाखूची डबी काढली, उघडली, न मळताच बंद केली. त्या एका हालचालीवरून आम्हाला कळलं की याला हे सगळं नको झालंय. त्याने वर पाहिलं, आणि आम्हाला कळलंय हे त्यालाही कळलं. शपथेवर सांगतो, संशयाला जागा नव्हती. मग पुकारा झाला, तो त्याच्या वकिलाकडे गेला, आम्ही आमच्या. गेल्या वर्षी तो गेला. दहाव्याला गेलो, तर त्यांच्या शोकेसमध्ये पितळी समईशेजारी तो ३०० येनचा गंडम उभा. एक हात निखळलेला. कोणी पुसत असावं, धूळ नव्हती. घरी येऊन मालिका लावली.

या वेळी दिसलं ते असं. लाला आणि आमुरोमध्ये ज्ञान अपुरं नव्हतंच. ते पुरेपूर होतं. तोमिनोंनी मुद्दाम ते पूर्ण होऊ दिलं आणि मग विचारलं, पुढे? कळणं आणि थांबणं यांच्या मध्ये काहीतरी लागतं. हातातलं शस्त्र खाली ठेवायला एक क्षण, आणि आपण ठेवलं तर समोरचा वार करणार नाही याची हमी. ती हमी कुठलंही मन वाचून मिळत नाही, कारण समोरच्याचंही अजून ठरलेलं नसतं. कुणाला तरी आधी, हमीवाचून, ठेवावं लागतं. व्हरांड्यात आम्ही थोरले होतो.

लगेच महाभारताकडे धावू नका, आम्हीही धावलो होतो. इथे उपदेश करायला सारथी नाही. आणि मालिका हा प्रश्न सोडतही नाही. १९८८ च्या 'शार्स काउंटरअटॅक' या चित्रपटात कथेतली तेरा-चौदा वर्षं लोटली आहेत. आमुरो आणि शार अजून लढताहेत, आणि शेवटच्या क्षणीही भांडण कोणावरून, तर लालावरून. १९८५ च्या 'झेटा गंडम'मध्ये पुढचा न्यूटाइप येतो, कामिय. त्याला मेलेल्यांचीही मनं कळतात, आणि शेवटी तो मनाने कोसळतो. वीस वर्षांनी तोमिनोंनी त्याच मालिकेचे तीन चित्रपट केले आणि तिसऱ्यात हा शेवट बदलला, मुलगा शाबूत राहतो. आम्हाला जुना शेवट जास्त खरा वाटतो. पण वय झालेल्या माणसाने आपलाच निकाल परत तपासावा, हे आवडलं. १९९९ च्या 'टर्न ए'मध्ये तर गंडम गायी वाहतो, कपडे धुतो. बाकीच्या मालिका डझनावारी आहेत. काही नुसत्या खेळणी विकायला काढल्यासारख्या, त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

कुठून सुरुवात करू, असं विचाराल. ते ४३ भागच बघा. चित्रं जुनी आहेत, काही ठिकाणी चक्क गचाळ. ते जड गेले तर १९८१-८२ चे तीन चित्रपट आहेत, त्याच चित्रांतून बेतलेले.

शेवटच्या भागात गंडम मोडून पडलेला असतो. आमुरो मनाच्या आवाजाने प्रत्येकाला जळत्या किल्ल्यातून बाहेरची वाट दाखवतो, आणि स्वतः मात्र अडकतो. मोठ्यांना तो कुठे आहे ते जाणवत नाही. बोटीतली तीन लहान पोरं ओरडून त्याला वाट सांगतात, उजवीकडे, सरळ. त्यांतला थोरला कात्सु. 'झेटा' पाहिलेल्यांना ठाऊक आहे की सात वर्षांनी हाच कात्सु यंत्रात चढणार आणि मरणार. पहिल्या वेळी हे आम्हाला माहीत नव्हतं. आता त्या प्रसंगात आम्ही आमुरोकडे बघतच नाही, त्या पोराकडे बघतो.

बरं, वेळ झाली. चिठ्ठ्या इकडे द्या.