नळालाही व्हेरिफिकेशन लागतं! ऑस्ट्रेलियातलं ‘वॉटरमार्क’ नेमकं काय आहे?

मागच्या वर्षी मी ताईकडे मेलबर्नला गेलो होतो. तिने नवीन घर घेतलं होतं, म्हणून पुण्यातून सिंकसाठी एक मस्त पितळी नळ बॅगेत घालून नेला. त्याच्या वजनापायी आईच्या चकल्यांचा डबा घरीच राहिला!

दोन दिवसांनी प्लंबर आला. नळ उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, “हा मी बसवू शकत नाही.” मी ऐटीत खोक्यावरचा आयएसआय मार्क दाखवला. त्याने मान हलवली. “इथे वॉटरमार्क लागतो. तो नसताना बसवला, तर माझं लायसन्स धोक्यात येईल.”

मला आधी वाटलं, पैसे काढायची युक्ती असेल. रात्री बसून वाचलं, तेव्हा कळलं की माणूस बरोबर होता.

वॉटरमार्क म्हणजे काय?

ऑस्ट्रेलियात बांधकामाचे नियम नॅशनल कन्स्ट्रक्शन कोडमध्ये असतात. त्याचा तिसरा खंड खास प्लंबिंगचा. नळ, पाईप, व्हॉल्व्ह अशा ठरलेल्या वस्तूंना वॉटरमार्क प्रमाणपत्र असेल, तरच त्या बसवता येतात. ही योजना ऑस्ट्रेलियन बिल्डिंग कोड्स बोर्ड चालवतं.

प्रोसेस साधी आहे. कंपनी आपला माल मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घेते. मग एक स्वतंत्र प्रमाणन संस्था सगळं पडताळून लायसन्स देते. लायसन्सची नोंद ऑनलाइन डेटाबेसमध्ये होते. तिथे कंपनी आणि मॉडेल कोणीही फोनवरून फुकट शोधू शकतं.

पण यात एक फट आहे. या योजनेची सक्ती वस्तू बसवण्यावर आहे, विकण्यावर नाही. त्यामुळे ऑनलाइन स्वस्तातला, मार्क नसलेला नळ मिळू शकतो. घेणाऱ्याला वाटतं, विकतायत म्हणजे चालत असणार. अडतं ते प्लंबर आल्यावर.

एका नळासाठी एवढं कशाला?

पहिलं कारण म्हणजे शिसं. पितळ कापायला आणि घडवायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं मिसळतात. पाणी रात्रभर नळात साचून राहिलं की त्यातलं काही पाण्यात उतरू शकतं. शिशाला रंग नाही, वास नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा वाईट परिणाम होतो. पर्थमधलं नवीन बालरुग्णालय २०१६ मध्ये पाण्यात शिसं सापडल्यामुळे रखडलं आणि २०१८ मध्ये सुरू झालं. पुढे २०२२ च्या कोडमध्ये पिण्याच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या पितळी वस्तूंतल्या शिशाची सरासरी मर्यादा ०.२५ टक्के केली आणि उद्योगाला १ मे २०२६ पर्यंत मुदत दिली.

दुसरं कारण म्हणजे उलटा प्रवाह. समजा, हँड शॉवर साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडालाय आणि त्याच वेळी मुख्य लाईनचं प्रेशर पडलं. बादलीतलं पाणी उलटं पाईपमध्ये ओढलं जाऊ शकतं. म्हणजे बिघाड माझ्या घरात, आणि घाण पाणी शेजाऱ्याच्या पेल्यात! नेटवर्कमधला एक इन्फेक्टेड लॅपटॉप सगळ्यांना त्रास देतो, तसंच हे.

ताईची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. तिच्या दुधाचं पाणी त्याच सिंकवरून भरलं जाणार होतं. हे लक्षात आल्यावर माझा वाद संपला.

आपल्याकडे काय करायचं?

आयएसआय मार्क भारतीय मानक ब्युरो देतं. सिमेंट, गॅस सिलिंडर, विजेचा गीझर अशा वस्तूंना तो सक्तीचा आहे, तर बऱ्याच वस्तूंना ऐच्छिक. त्यामुळे तपासायचं काम शेवटी आपल्यावरच येतं. ते असं करा:

१. मार्कच्या वर आयएस आणि मानकाचा क्रमांक असतो, खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. दोन्ही शोधा.

२. ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून लायसन्स तपासायच्या पर्यायात तो नंबर टाका.

३. कंपनीचं नाव, वस्तू आणि लायसन्स चालू आहे का, हे जुळवून बघा. काही जुळत नसेल, तर त्याच ॲपवरून तक्रार करता येते.

मी हे त्याच रात्री माझ्या नळासाठी करायला गेलो. खोक्यावर मार्क छान ठळक छापला होता. त्याखाली नंबरच नव्हता! अनोळखी एपीके फाईल मी कधी इन्स्टॉल करत नाही, पण हा नळ मात्र नुसतं चित्र बघून घेतला होता.

चित्र कोणीही छापू शकतं, खरी ओळख नंबरची. पुढच्या वेळी हार्डवेअरच्या दुकानात गेलात, तर पैसे देण्याआधी एक मिनिट फोन बाहेर काढा. घराचं काम चाललेल्या मित्रालाही हे पाठवा.

आणि हो, ताईकडे आता वॉटरमार्कवाला नळ आहे. माझा कपाटात पडून आहे. त्यापेक्षा चकल्या नेल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती अजून ऐकवते.